आधी नाव नको, नंबर सांगा

मागच्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो आला. टेबलावर पांढरं फडकं, त्यावर एक गावठी पिस्तूल, दोन काडतुसं, मागे तोंडावर काळा कपडा घातलेला एक मुलगा. फोटो कुठला, कधीचा, काहीच लिहिलेलं नव्हतं. पहिला मेसेज आला, "कोनाचा पोट्टा व्हय?" दुसरा, "नाव काय त्याचं?" तिसऱ्याने नाव न विचारताच अंदाज बांधला आणि पुढे हसण्याच्या इमोजी टाकल्या. ग्रुपमध्ये आम्ही तिघं-चौघं मुसलमान आहोत. आम्ही सगळे गप्प. अशा वेळी मनात एकच गोष्ट चालू असते, हे तुम्हालाही ठाऊक असेल: या अल्लाह, आपलं नाव नको निघू दे.

थोड्या वेळाने मी लिहिलं, "पिस्तुलाचा नंबर काय आहे?" सगळे हसले. एकाने विचारलं, "तू काय आरटीओ आहेस का बे?"

त्या हसण्याचं उत्तर तेव्हा दिलं नाही, ते आता इथे देतो. माझं म्हणणं सरळ आहे. कुठेही हत्यार सापडलं की आपण आणि आपल्या आजूबाजूचे लोक पहिला प्रश्न विचारतो तो माणसाच्या नावाचा. पहिला प्रश्न हत्याराच्या नंबरचा असायला हवा. नावावरून फक्त धर्म आणि जात कळते. नंबरवरून हत्यार कुठे तयार झालं, कुणाला विकलं गेलं आणि कुठून गायब झालं, याचा शोध सुरू करता येतो.

मी भंडाऱ्याचा. इंजिनिअरिंग केलं मेकॅनिकलचं, पोट भरतो सॉफ्टवेअरवर. पण धातूवर खूण करण्याचा पहिला धडा मला कॉलेजात मिळाला नाही, घरीच मिळाला. माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, कल्हई करायचे. भंडारा हे पितळेचं गाव. लग्नात पितळेची, तांब्याची भांडी द्यायची आणि प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख घालायची, ही रीत हिंदूंच्या घरातही होती आणि आमच्याही. ठशावर हातोडीचे बारीक ठोके मारत अक्षरं उमटवायची. दादा सांगायचे की एकदा दोन घरांत एका पातेल्यावरून भांडण झालं. पातेल्यावरचं नाव कुणीतरी कानशीने घासून काढलं होतं. दादांनी पातेलं उलटं केलं, आत हात घातला आणि बोट फिरवलं. पत्रा पातळ होता. बाहेरून नाव गेलं होतं, पण ठोक्यांचे उंचवटे आतून हाताला लागत होते. दादांनी बोटाने नाव वाचलं. भांडण मिटलं.

बंदुकीच्या नंबरची सगळी गोष्ट या पातेल्यात आहे.

नंबर असतो कुठे?

बंदूक म्हणजे एक वस्तू नाही, ती सुट्या भागांची जुळणी आहे. नळी बदलता येते, दस्ता बदलता येतो, घोडा बदलता येतो. म्हणून प्रश्न येतो की "ही तीच बंदूक" असं म्हणायचं ते कोणत्या भागाकडे बघून? जगभरात याचं साधारण एकच उत्तर आहे. ज्या मुख्य सांगाड्यावर बाकी सगळे भाग बसतात, जो काढला तर बंदूक बंदूक राहत नाही, त्या भागावर नंबर. इंग्रजीत त्याला फ्रेम किंवा रिसीव्हर म्हणतात. २००५ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने लहान शस्त्रांचा माग काढण्याबद्दल एक दस्तऐवज मंजूर केला. त्यातही हेच आहे: खूण अशा भागावर हवी, जो नष्ट केला तर हत्यार कायमचं निकामी होईल. शिवाय नळी, स्लाइड किंवा सिलिंडर अशा इतर भागांवरही खूण असावी, अशी शिफारस आहे.

प्रत्यक्षात काय दिसतं? शेतकऱ्याकडे किंवा जुन्या मालगुजार घराण्यात असते तशी बारा बोअरची दुनळी घ्या. ती मधून मोडून उघडली की नळ्यांच्या मागच्या टोकाखाली सपाट जागा दिसते. बहुतेक वेळा तिथे खुणा आणि नंबर असतो. तोच नंबर सांगाड्यावर आणि पुढच्या लाकडाखालच्या लोखंडी पट्टीवरही सापडतो. म्हणजे तिन्ही भाग एकाच बंदुकीचे आहेत की नाहीत, ते तिथेच कळतं. जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलीवर नळीच्या मुळाशी नंबर असतो आणि तोच बोल्टच्या दांड्यावरही ठोकलेला असतो. दोन नंबर जुळले नाहीत, तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे असं समजायचं. पिस्तुलाच्या सांगाड्यावर आणि वरच्या सरकत्या भागावर, म्हणजे स्लाइडवर, नंबर असतो. सांगाडा प्लास्टिकचा असेल तर त्यात धातूची छोटी पट्टी बसवून तिच्यावर नंबर टाकतात. रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र गल्लत होते. अनेक जुन्या रिव्हॉल्व्हरचा खरा नंबर मुठीच्या तळाशी असतो. सिलिंडर बाहेर काढल्यावर आत जो आकडा दिसतो, तो पुष्कळदा कारखान्यातल्या जुळणीचा किंवा मॉडेलचा असतो. घाईत लिहिणारा माणूस तोच आकडा नंबर म्हणून कागदावर उतरवतो.

ही शेवटची ओळ मी सॉफ्टवेअरवाला म्हणून मुद्दाम लिहिली. आमच्या धंद्यात याला चुकीची की टाकणं म्हणतात. टेबलात लाखो नोंदी असल्या तरी तुम्ही शोधताना चुकीचा आकडा टाकला, तर मशीन निमूटपणे सांगतं: नोंद सापडली नाही. मशीनची त्यात चूक नसते. पण "नोंद सापडली नाही" याचा अर्थ कागदावर "बेकायदेशीर हत्यार" असा होतो आणि मग त्याची किंमत एखादा माणूस तुरुंगात बसून मोजतो.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. आपल्यातल्या बहुतेकांना त्यातलं एकच कलम ऐकून माहीत असतं, पंचवीस. पण ज्याच्यावर हा लेख उभा आहे ते कलम आहे आठ. त्याचे तीन भाग आहेत. पहिला: बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा ओळखखूण कुणीही पुसायची नाही, काढायची नाही, बदलायची नाही, खोटी टाकायची नाही. दुसरा: बनवणाऱ्याचं नाव, नंबर किंवा ओळखखूण नसलेली बंदूक विकायची किंवा दुसऱ्याला द्यायची नाही. इथपर्यंत कुणालाही पटेल.

तिसरा भाग मात्र नीट वाचा. एखाद्याच्या ताब्यात बिननंबरची किंवा नंबर पुसलेली बंदूक सापडली, तर तो नंबर त्यानेच पुसला असं कायदा गृहीत धरतो. तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं.

एरवी आपला फौजदारी कायदा सांगतो की गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. इथे निदान नंबर पुसल्याच्या बाबतीत ती जबाबदारी आरोपीवर येते. कायद्यामागचा विचार मला कळतो. नंबर पुसणारा कधी साक्षीदार ठेवत नाही, तेव्हा तो पुसला कुणी हे सरकारने सिद्ध करायचं म्हटलं तर कुणीच सापडणार नाही. पण याच विचाराची दुसरी बाजूही बघा. ज्या मुलाच्या खिशात किंवा गाडीच्या डिकीत दुसऱ्याने हत्यार ठेवलं, त्याच्याही बाबतीत हेच गृहीत धरलं जातं. अशा वेळी त्याच्या बचावाचा सगळा भार एका गोष्टीवर पडतो: हत्यार जप्त झालं त्या क्षणी त्यावर काय होतं, काय नव्हतं, कोणत्या जागी होतं, हे कागदावर कसं लिहिलं गेलं.

"एक लोखंडी गावठी कट्टा, चालू स्थितीत" एवढंच लिहिलेला पंचनामा हत्याराची ओळख पटवत नाही. तसे कट्टे ढिगाने असतात. आज टेबलावर ठेवलेला आणि दोन वर्षांनी कोर्टात दाखवलेला कट्टा एकच आहे, हे कशावरून? लांबी किती, नळीचा आतला व्यास किती, मूठ कशाची, कुठे काय कोरलंय, नंबर आहे का, असेल तर कोणत्या भागावर, घासल्याची खूण आहे का, सील कुणाचं, सह्या कुणाच्या, हे सगळं लिहिलं तर ती वस्तू ओळखता येते.

ही बारीकसारीक कटकट नाही. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांत पावणेदोनशेहून अधिक माणसं मेली. खालच्या कोर्टाने २०१५ साली पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यातला एक जण त्याआधीच, २०२१ मध्ये, नागपूरच्या तुरुंगात वारला होता. न्यायालयाने जी कारणं दिली, त्यात जप्त वस्तूंची साठवण आणि सील नीट नसणं हे एक होतं आणि कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले गेले हेच सरकारी पक्षाला नोंदीवर आणता आलं नाही, हे दुसरं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे आणि हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असं त्या न्यायालयाने सांगितलं आहे. अंतिम काय होईल ते होवो. पण एकोणीस वर्षांनी मेलेल्यांच्या घरच्यांच्या हाती काय आलं आणि तुरुंगात तारुण्य घालवलेल्यांच्या हाती काय आलं? वस्तूची ओळख ढिली राहिली की दोन्ही बाजूंची माणसं लुटली जातात.

पुसलेला नंबर खरंच जातो का?

बहुतेक वेळा नाही. पोलादावर ठसा ठोकला जातो तेव्हा फक्त वरची चकती दबत नाही. अक्षराच्या खालचे धातूचे कणही काही खोलीपर्यंत चेपले जातात. कानशीने वरचा आकडा गेला तरी खालचा चेपलेला थर शिल्लक असतो. प्रयोगशाळेत तो भाग आरशासारखा गुळगुळीत करतात आणि त्यावर तांब्याचा क्षार आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचं द्रावण लावतात. चेपलेला धातू आणि न चेपलेला धातू यांच्यावर आम्लाचा परिणाम वेगवेगळ्या वेगाने होतो आणि गेलेला आकडा काही क्षण पुसटसा उमटतो. तेवढ्यात फोटो घ्यायचा. चुंबकाच्या मदतीनेही हे करता येतं. फार खोल घासलं असेल, त्यावर वेल्डिंग केलं असेल, किंवा नंबर मुळात ठोकलेला नसून वरवर लेझरने कोरलेला असेल, तर मात्र कठीण जातं. म्हणूनच अमेरिकेत नियम आहे की नंबर निदान एक इंचाचा तीन हजारांश भाग खोल हवा, म्हणजे साधारण ०.०८ मिलिमीटर. केसाच्या जाडीएवढा. केसाएवढ्या खोलीवर एखाद्याचं निर्दोष असणं अवलंबून असू शकतं.

म्हणून एखाद्या प्रकरणात "नंबर पुसलेला होता" एवढं ऐकून थांबू नये. पुढचा प्रश्न विचारायला हवा: तो परत उमटवायचा प्रयत्न केला का? न्यायवैद्यक अहवाल कुठे आहे?

६०६८२४

महाराष्ट्राच्या इतिहासातला बंदुकीचा सगळ्यात मोठा नंबर हा असावा. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत बिर्ला हाउसच्या हिरवळीवर पुण्याच्या नथुराम गोडसेने ज्या पिस्तुलाने गांधीजींना मारलं, ते इटलीच्या बेरेटा कंपनीचं १९३४ मॉडेल होतं. त्याचा नंबर ६०६८२४.

त्या संध्याकाळी दिल्लीत पहिला प्रश्न कोणता होता? तोच, आमच्या ग्रुपवरचा. कुणी मारलं, नाव काय? माउंटबॅटन तिथे पोचले तेव्हा गर्दीतून कुणीतरी ओरडलं की मुसलमानाने मारलं आणि त्यांनी ताबडतोब सांगितलं की मारणारा हिंदू होता, असा किस्सा प्रसिद्ध आहे. आकाशवाणीनेही मारेकरी हिंदू असल्याचं मुद्दाम सांगितलं, कारण ते सांगितलं नसतं तर त्या रात्री काय झालं असतं याची सगळ्यांना भीती होती. मुसलमान वाचले. पण नाव कळलं आणि आग दुसरीकडे लागली. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, इकडे नागपूर, अनेक ठिकाणी ब्राह्मणांची घरं जाळली गेली. त्या घरांतल्या लोकांनी काय केलं होतं? फक्त त्यांची जात मारेकऱ्याची होती. नावामागे धावणाऱ्या जमावाला निर्दोष माणसाचं घर दिसत नाही, मग ते घर कुणाचंही असो. ही गोष्ट आपण मुसलमानांनी तर नीट लक्षात ठेवायला हवी, कारण आपल्यावर आलेलं आपल्याला दिसतं, दुसऱ्यावर आलेलं कधीकधी दिसत नाही.

आणि नंबरचं काय झालं? पिस्तूल ग्वाल्हेरला मिळवलं गेलं, इथपर्यंत खटल्यात आलं. ग्वाल्हेरचे तीन आरोपी फरारच राहिले. इटलीतल्या कारखान्यापासून ग्वाल्हेरपर्यंत ते पिस्तूल कुणाकुणाच्या हातून आलं, याच्या कहाण्या पुष्कळ सांगितल्या जातात. सलग नोंदींची साखळी मात्र नाही. नंबर ठळक होता, वही नव्हती.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर की होती, टेबल नव्हतं. नंबर ही काही जादू नाही. कारखाना, विक्रेता, परवानाधारक, त्याच्यानंतरचा परवानाधारक, चोरीची तक्रार, या प्रत्येक पायरीवर कुणीतरी वहीत ओळ लिहिली तरच नंबरला अर्थ येतो. आज परवान्यांची राष्ट्रीय नोंद संगणकावर आहे आणि प्रत्येक परवानाधारकाला एक वेगळा ओळखक्रमांक मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात शस्त्र आणि काडतूस यांचा कारखान्यापासून ग्राहकापर्यंत माग ठेवण्याची भाषाही आली. चांगली गोष्ट आहे. पण शून्य आणि ओ, एक आणि आय, पाच आणि एस यांची गल्लत करणारा हात तोच आहे. संगणकात चुकीची नोंद केली तर चूक नुसती जास्त वेगाने पसरते.

मग बिननंबरी हत्यारांचं काय?

इथे माझा मित्र बरोबर बोलला. त्याने विचारलं, "अबे, गुंड काय नंबरवाली बंदूक घेऊन फिरतात का? कट्ट्याला कुठला नंबर?" खरं आहे. गावठी हत्यारावर एकतर काहीच नसतं, नाहीतर खोटंच "मेड इन यूएसए" ठोकलेलं असतं. कर्नाटकात कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांच्या खुनात एकच गावठी ७.६५ मिलिमीटर पिस्तूल वापरलं गेलं, असं तिथल्या तपास पथकाने सांगितलं. ते कळलं नंबरवरून नाही, गोळीवर आणि पुंगळीवर उमटलेल्या ओरखड्यांवरून. पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी झाला. निकाल लागला १० मे २०२४ रोजी. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. मध्ये जवळजवळ अकरा वर्षं गेली.

म्हणजे नंबर नसला तरी खुणा असतात. प्रत्येक घोड्याची टोची पुंगळीच्या बुडावर आपला ठसा सोडते. नळीतले आटे गोळीवर रेघा ओढतात. आणि काडतुसाच्या बुडावर बनवणाऱ्याची अक्षरं असतात. खडकीच्या कारखान्याचं 'केएफ' हे त्यातलं ओळखीचं. अर्थात काडतुसावर प्रत्येकाला वेगळा नंबर नसतो. ते लॉटमध्ये बनतं आणि लॉटची नोंद पेटीवर असते.

आम्हा भंडाऱ्याच्या लोकांना हे जवळून माहीत आहे. आमच्याकडे जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे, तिथे तोफगोळ्यांना आणि काडतुसांना लागणारी दारू बनते. २४ जानेवारी २०२५ रोजी तिथे स्फोट झाला आणि अनेक कामगार गेले. त्या दिवशी कुणी दारूच्या लॉटला धर्म विचारला नाही आणि ढिगाऱ्याखाली अडकलेल्या कामगारालाही नाही. सगळा जिल्हा एकच प्रश्न विचारत होता: हे झालं कसं? प्रश्न बरोबर विचारता येतो, हे आपण त्या दिवशी दाखवून दिलं. हाच प्रश्न कट्टा सापडला की का सुचत नाही?

बिननंबरी हत्यारांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. महाराष्ट्राच्या सीमेला लागून मध्य प्रदेशात बडवानी जिल्ह्यात उमर्टी गाव आहे. गावठी पिस्तुलांच्या बातम्यांत त्याचं नाव नेहमी येतं आणि त्याबरोबर शिकलगार समाजाचंही. या समाजाचा पिढीजात धंदा हत्यारं बनवायचा आणि धार लावायचा. त्यातले काही लोक आज बेकायदेशीर पिस्तुलं बनवतात, हे खरं. पण बातमी वाचून आपल्यातलाच कुणी म्हणतो, "ते लोक असेच." हे वाक्य आपण आपल्याबद्दल किती वेळा ऐकलंय? ज्या मापाने मोजलेलं आपल्याला टोचतं, त्या मापाने दुसऱ्याला मोजू नये. बनवणाऱ्याला पकडा, विकणाऱ्याला पकडा, पैसा लावणाऱ्याला तर आधी पकडा. समाजावर ठसा ठोकू नका.

आपण काय करायचं?

काही जण म्हणतील, मुसलमान पोराने बंदुकीच्या नंबरबद्दल एवढं लिहायचं कशाला? उगाच संशय. मला हा सल्ला माझ्याच घरातून मिळाला. अम्मी म्हणाली, "बेटा, और कोई मौज़ू नहीं मिला?" तिची काळजी मी समजू शकतो. पण मला वाटतं, ज्या विषयावरून आपल्याला घाबरवलं जातं, तो विषय आपल्याला वकिलाइतका नाही तरी नागरिकाइतका माहीत हवा. न कळणारा माणूस कोऱ्या कागदावर सही करतो.

म्हणून चार साध्या गोष्टी.

पहिली गोष्ट, हत्यारापासून लांब राहा. हे उपदेश म्हणून सांगत नाही, हिशेब म्हणून सांगतो. रीलसाठी मित्राचा कट्टा दोन मिनिटं हातात धरला, तरी तो तुमच्या ताब्यात आला. आणि कलम आठचं गृहीतक ताबा बघतं, लाइक बघत नाही.

दुसरी, घरात जुनी परवान्याची बंदूक असेल आणि परवानाधारक आजोबा किंवा वडील वारले असतील, तर ती कपाटावर तशीच ठेवू नका. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नाही. ताबा कायदेशीर राहिला नाही की ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, असं याच कायद्याचं कलम एकवीस सांगतं. जमा करताना पावतीवर नंबर लिहून घ्या आणि तो बंदुकीवरच्या नंबरशी स्वतः पडताळून बघा. निवडणुकीच्या काळात बंदूक जमा करता, तेव्हाही तेच.

तिसरी, तुमच्या घराची किंवा ओळखीतल्या कुणाची झडती झाली तर ओरडू नका, पळू नका, बघा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करायचं असतं. पंच त्याच भागातले, स्वतंत्र, निदान दोन हवेत. जप्तीच्या यादीची प्रत मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. तिच्यात हत्याराचं वर्णन वाचा: नंबर आहे का, कुठे आहे, नसेल तर "नंबर नाही" असं लिहिलंय का. नुसत्या ताब्याच्या गुन्ह्यात खटला भरायला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, कलम एकोणचाळीस. तीही वकिलाला बघायला सांगा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० हा त्यांचा क्रमांक आहे. हे हक्क माझे आहेत, तसे त्या ग्रुपवर हसणाऱ्या मित्राचेही आहेत.

चौथी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात अवघड आहे. असा फोटो आला की पुढे पाठवू नका आणि "नाव काय" असं विचारू नका. आरोपी आपला नाही हे कळल्यावर सुटकेचा श्वास टाकू नका. मी स्वतः तो टाकलेला आहे, खोटं कशाला बोलू. पण त्या श्वासाचा अर्थ असा होतो की नावावरून ठरवायचा नियम आपण मान्य केला, फक्त आज नंबर दुसऱ्याचा लागला म्हणून खूश झालो.

त्या ग्रुपवरच्या फोटोचं पुढे काय झालं, ते कुणालाच माहीत नाही. दोन दिवसांनी सगळे क्रिकेटवर बोलायला लागले. तो मुलगा दोषी होता की नव्हता, त्या कट्ट्यावर काही खूण होती की नाही, कुणी विचारलं नाही. मी विचारलं, तर हसले.

दादांचं ते पातेलं मला आठवतं. दोन्ही घरची माणसं आवाज चढवून एकमेकांची खानदानं काढत होती. दादांनी कुणाचं खानदान विचारलं नाही. त्यांनी भांडं उलटं केलं आणि आतून बोट फिरवलं.